उधाणाचे पाणी आणि मातीचे बांध

धाराशिव जिल्हा समुद्रापासून दूर आहे. धाराशिव शहरापासून अलिबागचा किनारा सरळ रेषेत सुमारे तीनशे चाळीस किलोमीटर पश्चिमेस येतो. शिवाय बालाघाटाचे पठार समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून अधिक उंच आहे. समुद्राच्या भरतीचे पाणी येथील शेतात शिरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तथापि समुद्रावर उठलेल्या वादळाशी या जिल्ह्याचा काही संबंध नाही, असे समजणे बरोबर होणार नाही. दि. १३ ऑक्टोबर २०२० रोजी बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचा एक तीव्र पट्टा आंध्र प्रदेशात काकिनाड्याजवळ जमिनीवर आला. तेथून तेलंगणा व उत्तर कर्नाटक ओलांडून तो दक्षिण महाराष्ट्रावर आला. त्याने दिलेल्या पावसात तुळजापूर, उमरगा, लोहारा या तालुक्यांतील नदीनाल्यांच्या काठची सोयाबीनची काढणीस आलेली पिके पाण्याखाली गेली, बांध फुटले आणि पुष्कळ ठिकाणी जमिनी खरवडून गेल्या. काकिनाडा येथून साडेसहाशे किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे.

हीच वादळे किनाऱ्यावर आली म्हणजे पावसाखेरीज आणखी एक संकट आणतात. ते म्हणजे समुद्राच्या पाण्याची फुगोटी. तिला आडविण्यासाठी कोकणातील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या मातीचे बांध घालीत आला आहे. सरकारनेही कायदे करून, मंडळ नेमून व संशोधन केंद्रांकडून अभ्यास करवून या कामास हात घातला. मातीचा बांध काळ्या जमिनीत असो अथवा खाडीकाठी असो, तो कशाने टिकतो व कशाने फुटतो याची तत्त्वे पुष्कळ अंशी एकच आहेत. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधूंनी हा विषय समजून घेणे उपयुक्त ठरेल.

पाणी का फुगते

भरती-ओहोटी ही रोजची गोष्ट होय. चंद्र व सूर्य यांच्या आकर्षणाने समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास भरती मोठी होते, तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ती लहान असते, तिला भांगाची भरती म्हणतात. भरतीची वेळ काढण्याचा कोकणातील कोळी व शेतकरी यांचा एक सोपा ठोकताळा आहे. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीचा तास मिळतो. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता, द्वादशीस नऊ वाजता. हे गणित तंतोतंत नसले तरी कामापुरते बरोबर येते.

वादळाची फुगोटी या भरतीवर आणखी चढते. तिची कारणे दोन. वादळाच्या मध्यभागी हवेचा दाब कमी असतो. दाब एक मिलिबारने उतरला की तेथील पाणी सुमारे एक सेंटिमीटर वर येते. म्हणजे दाब पंचवीस मिलिबारने उतरला तर पाणी वीतभर वर येईल. परंतु हे कारण दुय्यम होय. मुख्य कारण वारा. किनाऱ्याकडे सतत वाहणारा जोराचा वारा पाणी किनाऱ्याकडे ढकलीत राहतो. समुद्र खोल असेल तर ते पाणी तळाकडून परत फिरते. समुद्र उथळ असेल तर परतीस वाट राहत नाही व पाण्याचा ढीग होतो. बंगालच्या उपसागराचे उत्तरेचे टोक उथळ आणि नरसाळ्यासारखे निमुळते असल्याने तेथे ही फुगोटी फार मोठी होते. पश्चिम किनाऱ्यावर ती सामान्यतः कमी असते. पण खाडीचे तोंड रुंद व आतला भाग अरुंद असेल, तर पाणी आत जाता जाता चढत जाते, हे रायगड जिल्ह्यातील खाड्यांच्या बाबतीत विसरता येत नाही.

फुगोटी कोणत्या घटकेला येते यावर नुकसानीचे प्रमाण पुष्कळ अवलंबून असते. दि. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान आले. त्या दिवशी सकाळी ज्येष्ठ शुद्ध द्वादशी होती, वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे भरती उधाणाकडे झुकलेली. वरील ठोकताळ्याने पूर्ण भरती सकाळी नऊ-दहाच्या सुमारास येते. म्हणजे वादळ जमिनीवर आले तेव्हा पाणी ओहोटीस लागून दोन-तीन तास तरी झाले होते. वाऱ्याने घरे, नारळी-पोफळीच्या बागा व आंबा यांची अपरिमित हानी केली. पण हेच वादळ तीन तास आधी येते, तर खाडीकाठच्या बांधांची परीक्षा निराळी झाली असती.

खारभूमी आणि तिचे बांध

कोकणात खाडीच्या दोन्ही काठांस भरतीच्या पाण्याने बुडणारी सपाट चिखलाची जमीन असते. तिच्याभोवती बांध घालून भरतीचे पाणी बाहेर रोखावयाचे व पावसाळ्यात पडणाऱ्या पाण्याने मातीतील मीठ धुऊन काढावयाचे, या रीतीने जी जमीन लागवडीस येते तिला खारभूमी म्हणतात. गोव्यात व दक्षिण कोकणात तिला खाजण म्हणतात. पेण व अलिबाग तालुक्यांचा अशा जमिनींचा पट्टा ‘खारेपाट’ या नावाने प्रसिद्ध आहे. चरी येथील १९३३ ते १९३९ पर्यंत चाललेला, नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालील शेतकऱ्यांचा संप याच भागात झाला.

या जमिनीत मुख्यतः खरिपाचे भात होते. जोरदार पाऊस सुरू होऊन वरच्या थरातील मीठ उतरेपर्यंत पेरणीस थांबावे लागते. काळा राता, भुरा राता या खारास टिकणाऱ्या जुन्या जाती होत. पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने पुढे पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशा सुधारित जाती दिल्या. शेताशेजारच्या तळ्यांत जिताडा मासा वाढविण्याची चाल आहे, व त्याची किंमत काही वर्षी भातापेक्षा जास्त येते, असे खारेपाटातील शेतकरी हसत सांगतात.

बाहेरच्या, म्हणजे खाडीच्या अंगच्या बांधास बाहेरकाठा म्हणतात. तो जागेवरच्या चिकण चिखलाने बांधला जातो. चिखलाची ढेपे काढून एकावर एक थापून दाबतात. लाटेचा मारा जेथे जास्त तेथे बाहेरच्या उतारावर दगडांचे अस्तर करतात. बांधाचा माथा उधाणाच्या सर्वांत उंच पाण्याच्या वर काही अंतर राखून ठेवावा लागतो, कारण उभ्या पाण्याच्या वर लाटा असतातच, शिवाय ओली माती सुकताना बांध खचतो.

बांधात जागजागी ‘उघाडी’ असते. उघाडी म्हणजे दगडी किंवा काँक्रीटचे मोरीसारखे बांधकाम, व त्यास खाडीच्या बाजूने बसविलेली झडप. भरतीचे पाणी चढले की त्याच्या दाबाने झडप आपोआप मिटते. ओहोटीस बाहेरचे पाणी खाली गेले की आतल्या पाण्याच्या दाबाने ती उघडते. यंत्र नाही, माणूस नाही, केवळ पाण्याच्या दोन पातळ्यांतील फरकावर हे काम चालते. मात्र यातच तिची अडचणही आहे. पावसाळ्यात डोंगरावरचे पाणी शेतात येतच असते. झडप मिटलेली असेपर्यंत ते आत साठते. वादळाच्या वेळी ओहोटीलाही समुद्र पुरेसा उतरत नाही, तेव्हा झडप अधिक वेळ मिटलेली राहते आणि बाहेरून बांध शाबूत असताना आतल्या पाण्यानेच पीक बुडते. म्हणून उघाडीची रुंदी किती असावी हा प्रश्न बांधाची उंची किती असावी या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे. अभ्यास न करता घातलेल्या बांधांत नेमकी येथेच चूक आढळते.

खांड पडली म्हणजे काय होते

बांधास भगदाड पडण्यास खारेपाटात ‘खांड जाणे’ म्हणतात. खांडीचे कारण पुष्कळदा अगदी क्षुल्लक असते. खेकड्याने किंवा उंदराने पोखरलेले बीळ, उन्हाळ्यात सुकून पडलेली भेग, उघाडीच्या दगडाशेजारी सैल झालेली माती, किंवा गुरांच्या पायवाटेने दबलेला माथा. त्या वाटेने पाण्याची बारीक धार आत येते, मातीचे कण बरोबर नेते, आणि सहा तासांच्या एका भरतीत बिळाची मोरी व मोरीची खांड होते. पाणी माथ्यावरून वाहू लागले तर बांध बाहेरून नव्हे, आतल्या उतारावरून खचू लागतो. बाहेर दगडांचे अस्तर असते, आत नुसती माती असते. माथ्यावरून उतरणारे पाणी ती माती खालून कोरते. बांध पाहणीस जाणारा माणूस सहसा बाहेरच्या बाजूने चालतो, हे या दृष्टीने उलटे होय.

समुद्राच्या पाण्यात एका लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. एक एकर शेतात अर्धा फूट, म्हणजे पंधरा सेंटिमीटर समुद्राचे पाणी उभे राहिले, तर त्या पाण्यात सुमारे एकवीस टन क्षार असतो. खाडीच्या पाण्यात पावसाळ्यात गोडे पाणी मिसळलेले असल्याने हे प्रमाण कमी येईल, आणि ओसरताना पुष्कळसा क्षार पाण्याबरोबर परतही जाईल. तरीही जेवढे पाणी मुरले तेवढे मीठ मागे राहिले. खांड जुलैत पडली व ती आठ दिवसांत बुजविली, तर उरलेला पाऊस मीठ धुऊन काढतो व जमीन वाचते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पडली, तर उभे भात तर जातेच, शिवाय धुण्यासाठी पाऊस उरलेला नसतो. मीठ पुढील पावसाळ्यापर्यंत तसेच राहते आणि उन्हाने वर येते. अरबी समुद्रातील वादळे मुख्यतः मे-जून व ऑक्टोबर-नोव्हेंबर याच महिन्यांत येतात. ‘फयान’ चक्रीवादळ ११ नोव्हेंबर २००९ रोजी कोकण किनाऱ्यावर आले होते, ते भाताच्या हंगामाच्या अखेरीस.

खांड एक-दोन वर्षे तशीच राहिली तर आणखी एक घडामोड सुरू होते. भरतीच्या पाण्याबरोबर तिवराच्या शेंगा शेतात येऊन रुजतात व पाच-सात वर्षांत तेथे कांदळवन उभे राहते. कांदळवन किनाऱ्याचे संरक्षण करते, लाटेचा जोर मोडते, माशांच्या पिलांना आसरा देते, यात शंका नाही. बांधाच्या बाहेर तिवरांचा पट्टा असणे हे बांधाच्या आयुष्यास हितकारकच आहे. परंतु तो पट्टा बांधाच्या आत, शेतकऱ्याच्या सातबारावरील जमिनीत उगवला तर शेत गेले असेच समजावे लागते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली दिलेल्या निर्णयाने कांदळवनाच्या तोडीस बंदी आहे व ती योग्य आहे. पण त्यामुळे खांड वेळेवर बुजविली न गेल्याची किंमत ज्याने खांड पाडली नाही त्या शेतकऱ्यास कायमची मोजावी लागते. या प्रश्नाचा समाधानकारक उलगडा अद्याप झालेला नाही.

बांध कोणी राखावयाचा

जुन्या कुलाबा जिल्ह्यात स्वतःच्या खर्चाने बांध घालून जमीन लागवडीस आणणारास शिलोत्रीदार म्हणत, व बांधाच्या दुरुस्तीपोटी तो कुळांकडून जमिनीच्या प्रमाणात भात घेई. याशिवाय ‘जोळ’ नावाची पद्धत होती. एका बांधाआड शेती असणाऱ्या सर्वांची मिळून एक जोळ असे, आणि खांड पडली की जोळीतील प्रत्येक घराने माणूस पाठवावयाचा, ओहोटीच्या सहा तासांत खांड बुजवावयाची. पुढची भरती कोणासाठी थांबत नसल्याने या कामात टाळाटाळ चालत नसे.

पुढे कूळकायदा झाला व कसणारा जमिनीचा मालक झाला. हे न्यायाचे झाले. पण शेत प्रत्येकाचे स्वतंत्र झाले तरी बांध सर्वांचा मिळून एकच राहिला, आणि त्याची जबाबदारी घेणारा कोणी राहिला नाही. मुंबई सरकारने १९४८ साली खारजमिनींसंबंधी कायदा केला होता व त्याखाली मंडळ नेमले होते. त्या वेळी आजचा धाराशिव जिल्हा हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे या कायद्याची येथे फारशी ओळख नाही. १९७९ साली महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम आला. मोठे बांध शासनाने घालावयाचे व राखावयाचे, असे त्यामुळे झाले. याचा लाभ निर्विवाद आहे. तोटा असा, की जोळ मोडली. आज बीळ दिसले तर ते त्याच दिवशी चिखलाने बुजविण्याऐवजी अर्ज केला जातो. अर्ज, अंदाजपत्रक, मंजुरी व निविदा यांत एक पावसाळा जातो, आणि बिळाची खांड होते.

सरकारी अभ्यास कशाचा करतात

बांध किती उंच असावा याचे उत्तर नुसत्या डोळ्यांनी देता येत नाही. त्यासाठी प्रथम पाण्याच्या पातळीच्या नोंदी लागतात. मुंबईत अपोलो बंदर येथे १८७८ पासून भरतीची नोंद यंत्राने ठेवली जात आहे. आशियातील अशा सर्वांत जुन्या नोंदींपैकी ती एक आहे. खाडीच्या तळाची खोली, पूर्वीच्या वादळांचे मार्ग, वाऱ्याचा वेग, लाटांची उंची ही माहिती जमवून तिच्यावरून गणित मांडतात. पुण्याजवळ खडकवासला येथे १९१६ पासून चालत आलेले केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. तेथे खाडी व बंदरे यांच्या लहान प्रतिकृती करून त्यांत कृत्रिम भरती व लाटा निर्माण करतात, व बांध घातल्यावर प्रवाह कोठे वळेल, गाळ कोठे बसेल हे पाहतात. राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पाच्या २०१५ साली मंजूर झालेल्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राचा समावेश झाला. खाऱ्या पाण्यापासून संरक्षण देणारे बांध हा या प्रकल्पातील कामांचा एक प्रकार आहे.

अशा अहवालांत ‘शंभर वर्षांतून एकदा येणारे पाणी’ असा शब्दप्रयोग येतो. त्याचा अर्थ पुष्कळदा चुकीचा घेतला जातो. एकदा असे पाणी येऊन गेले म्हणजे पुढची शंभर वर्षे निर्धास्त, असा तो अर्थ नव्हे. कोणत्याही एका वर्षी ते येण्याचा संभव शंभरात एक आहे, एवढाच अर्थ. हिशेब केला तर तीस वर्षांच्या काळात ते एकदा तरी येण्याचा संभव शंभरात सव्वीस, म्हणजे चारात एक इतका येतो. बांध पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पाण्यासाठी आखला असेल, तर पंचवीस वर्षांत ते पाणी त्याच्यावरून जाण्याचा संभव जवळजवळ दोन-तृतीयांश आहे.

मग बांध उंचच का करू नये? कारण उंचीबरोबर तळाची रुंदीही वाढते. माथा दीड मीटर रुंद व दोन्ही अंगांस दोनास एक उतार धरला, तर दोन मीटर उंच बांधास दर मीटर लांबीला अकरा घनमीटर माती लागते. तीन मीटर उंच बांधास साडेबावीस घनमीटर. उंची दीडपट झाली की माती दुपटीहून जास्त. मऊ चिखलाच्या पायावर तेवढे वजन टाकले तर बांध खचतो, ही आणखी अडचण. त्यातच समुद्राची सरासरी पातळी जगभर वाढत आहे. १९०१ ते २०१८ या काळात ती सुमारे वीस सेंटिमीटरने वाढली.

या विषयाचा सर्वांत मोठा सरकारी अभ्यास हॉलंड देशाने केला. तेथे ३१ जानेवारी ते १ फेब्रुवारी १९५३ च्या रात्री वादळ व उधाण एकाच वेळी आले, बांध फुटले व १,८३६ माणसे मरण पावली. पुष्कळ बांध आतल्या उतारावरून खचले असे चौकशीत दिसून आले. त्याच महिन्यात सरकारने समिती नेमली व १९५८ साली कायदा केला. एका मोठ्या खाडीचे तोंड कायमचे बंद करावयाचे ठरले होते. पण मासेमारी करणारे व कालवे पिकविणारे यांनी विरोध केला, म्हणून तेथे १९८६ साली बासष्ट दरवाजांचा बांध झाला. दरवाजे एरवी उघडे असतात, वादळाच्या वेळीच मिटतात. प्रचंड खर्चाची का होईना, ती एक उघाडीच होय.

धाराशिवच्या जमिनीत

नळदुर्ग येथे बोरी नदीवर इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ साली बांधलेले धरण आजही उभे आहे. त्याच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात जादा पाणी ‘नर’ व ‘मादी’ या दोन सांडव्यांवरून खाली पडते. लोक ते दृश्य पाहण्यास जातात. पण ते धरण चारशे वर्षे टिकण्यामागे त्या दोन वाटांचा वाटा मोठा आहे.

ऑक्टोबर २०२० मध्ये, तसेच सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत सीना नदीच्या पुराने परंडा तालुक्यात व भूम भागात जे नुकसान झाले त्यानंतर शेतबांध व पाझर तलाव यांची दुरुस्ती करताना पुढील गोष्टी पाहाव्यात. खोल काळ्या जमिनीत समपातळी बांधापेक्षा ढाळीचे बांध चांगले. त्यांत पाणी तुंबत नाही, ओघळाकडे सावकाश वाहून जाते. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, व पहिल्याच मोठ्या पावसाचे पाणी बांधाच्या भेगेतून वाट काढते. यासाठी मे महिन्यात भेगा खणून, माती ओली करून ठोकून बसवावी, वरवर ढेकळे टाकू नयेत. तलावाच्या भरावाची पाहणी खालच्या अंगाने करावी. पायथ्याशी ओल दिसली व झिरपणारे पाणी स्वच्छ असले तर लक्ष ठेवावे. ते गढूळ असले तर आत माती वाहत आहे असे समजून तलाठी व लघुसिंचन विभाग यांस त्याच दिवशी कळवावे. सांडव्यात टाकलेले दगड, काटेरी कुंपण अथवा मासे धरण्यासाठी बांधलेले जाळे काढून टाकावे. सांडव्याचा माथा उंच करून दोन फूट पाणी जास्त साठविण्याचा मोह काही गावांत होतो. तेवढ्याच प्रमाणात भरावाच्या माथ्याचे अंतर कमी होते व पाणी सांडव्याऐवजी भरावावरून जाते. भरावावर बाभूळ, लिंब अशी झाडे वाढू देऊ नयेत. मूळ कुजले की त्या जागी नळी राहते. हरळी मात्र लावावी, विशेषतः खालच्या उतारावर.